वाकड्या दस्त्याची बंदूक

धुळ्याला आग्रा रोडच्या आतल्या बाजूला, लोहारांची दुकानं संपून सुतारांची सुरू होत तिथे एक पाटी होती. 'गणपत लक्ष्मण मिस्त्री. येथे बंदुका दुरुस्त करून मिळतील.' पाटीवरचे मिस्त्री मी धुळ्याला येण्याच्या बऱ्याच आधी वारले होते. दुकान चालवत होत्या त्यांच्या पत्नी, मथुराअक्का. सरकारी लायसन अक्कांच्या नावावर, कानसा आणि हातोड्या अक्कांच्या हातातल्या, गिऱ्हाइकांशी भांडणंही अक्कांचीच. पण पाटी बदलायचा विषय कोणी काढला तर अक्का त्याच्याकडे अशा बघत, की तो माणूस पुढचं वाक्य गिळून टाकी.

ती पाटी त्या रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत. तिच्यावरचं नाव मात्र कधी उच्चारत नसत. नवीन गिऱ्हाईक विचारी, "दुकान कोणाचं हे?" अक्का कानस न थांबवता म्हणत, "वर वाची ले." त्याला वाचता येत नसलं तर माडीवर हाक येई, "बाई, याले पाटी वाची दखाड." मग मी जिन्यातून वाकून नाव वाचून दाखवायची आणि अक्का मान डोलवायच्या, जणू त्यांनाही ते आत्ताच कळलं.

मी मुलींच्या शाळेत शिक्षिका होते आणि अक्कांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होते. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. एकटी शिक्षिका म्हटल्यावर खोली द्यायला लोक कां-कूं करत. अक्कांनी एवढंच विचारलं होतं, "दारूना वास चाली का तुले?" मी दचकले. मग कळलं की त्या बंदुकीच्या दारूबद्दल बोलत होत्या. वास चालेल म्हटलं आणि बिऱ्हाड टाकलं.

नवऱ्याचं नाव घेऊ नये ही त्या काळची रीतच होती, पण अक्कांनी ती फार लांबवर नेली होती. मिस्त्रींचं नाव गणपत, म्हणून गणपतीचंही नाव तोंडात येऊ द्यायचं नाही. पद्मालयाला जायचं असलं की त्या म्हणत, "एरंडोलना देवले जाई येऊत." भाद्रपदात घरी मूर्ती यायची, तिला त्या 'पाव्हणा' म्हणायच्या. मला हे गमतीचं वाटायचं. मी मुद्दाम विचारायची, "अक्का, हा पाहुणा कोण हो?" त्या हसू दाबून बोट वर करत. "वर वाची ले."

अक्का उंच होत्या, थोड्या पुढे वाकलेल्या. नेसण गडद रंगाचं, पदर कमरेला घट्ट खोचलेला. हाताच्या तळव्यांना जवसाच्या तेलाचा वास कायमचा बसला होता. त्या तेलाने त्या बंदुकांचे लाकडी दस्ते घासत, दिवसचे दिवस, घाई न करता. बोलणं तिखट. दुकानात कोणी हातात बंदूक घेऊन शिरला की आधी गर्जना व्हायची, "तोंड तिकडे कर. तुनं नही, बंदूकनं." मग बंदूक पोत्यावर ठेवायला लावायची, घोडा खाली आहे ना ते स्वतः बघायचं, आणि त्यानंतर हात लावायचा. कोणी कितीही मोठा असो, या क्रमात फरक नाही. एकदा एका जहागीरदारांना त्यांनी बंदुकीसकट अशीच पाठ फिरवायला लावली होती आणि ते मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते.

नळीपेक्षा त्यांचं लक्ष दस्त्यावर जास्त. नळी विलायतेहून येते, घोडा कुठूनही येतो, पण लाकडाला माणूस लागतो, असं त्या म्हणत. गालाचा घाम कुठे मुरलाय, अंगठा कुठे टेकतो, खांद्याशी किती झिजलंय, हे सगळं त्या बोटांनी चाचपून बघत. अमळनेरकडच्या एका सावकाराचा नोकर बंदूक घेऊन आला होता. मालकाच्या शिकारीचं कौतुक त्याने पायरी चढतानाच सुरू केलं. अक्कांनी दस्ता नाकाशी नेला, अंगठ्याची जागा नखाने खरवडली, आणि पांढरी पूड त्याच्यापुढे धरली.

"तुना मालक तंबाखू खास का?"

"नाही हो, ते सुपारीसुद्धा खात नाहीत."

"मंग हाऊ चुना कोना शे? बंदूक तूच चालाडस." तो गडी असा ओशाळला की दुरुस्ती न करून घेताच निघाला होता. अक्कांनी त्याला परत बोलावून बसवलं, चहा पाजला आणि मालकाला काही सांगणार नाही असं वचन दिलं.

बंदुकांवर त्यांचं प्रेम होतं असं मात्र मला कधी वाटलं नाही. शिकारीच्या गोष्टी त्या ऐकूनच घेत नसत. "मरनारा जनावरले इचार," म्हणून विषय तोडत. प्रेम होतं ते कामावर, आणि ते काम ज्याने शिकवलं त्याच्यावर. मूलबाळ नव्हतं. मिस्त्रींनी बायकोला हाताशी घेतलं ते गंमत म्हणून, आणि पुढे तिच्यावाचून त्यांचं चालेना. दस्त्याचं सगळं काम अक्कांकडे आलं होतं. मिस्त्री गेल्यावर लोकांना वाटलं दुकान आता मोडीत निघेल. ते निघालं नाही, एवढी एक गोष्ट अक्का जरा ताठ मानेने सांगत. बाकी स्वतःबद्दल त्या फारसं बोलत नसत.

मी आल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला त्यांनी मला खाली बोलावलं. दुकानातल्या बंदुका, कानसा, हातोड्या पाटांवर मांडल्या होत्या, झेंडूच्या माळा तयार होत्या. विधवा बाईने हळदकुंकू वाहायचं नाही, म्हणून ते काम माझ्याकडे. अक्का भिंतीला टेकून लांब उभ्या होत्या आणि तिथून हुकूम सोडत होत्या. मी कुंकू वाहिलं, फुलं वाहिली, आणि कापलेलं लिंबू एका बंदुकीच्या घोड्याशी ठेवायला गेले. तोच त्यांनी धावत येऊन माझं मनगट धरलं.

"लोखंडवर नही. पानवर ठेव."

मग स्वतःचंच हसू येऊन त्या खाली बसल्या आणि मला ती गोष्ट सांगितली. लग्न होऊन पहिलाच दसरा होता. मिस्त्रींनी कुठूनतरी एक जुनी विलायती पट्टी मिळवली होती. बंदुकीच्या कुशीला जी लोखंडी पट्टी असते, जिच्यावर घोडा बसवतात, ती. तिच्यावर फुलांची वेल कोरलेली. नव्या नवरीने भक्तिभावाने लिंबू कापलं आणि अर्धी फोड त्या पट्टीवर पालथी घालून ठेवली, दुसऱ्या दिवसापर्यंत.

"सकायले उचलं ते चंद्र उमटी गयथा," अक्का म्हणाल्या. "अर्धा चंद्र. काया."

लिंबाने लोखंड खाल्लं होतं. काळा डाग घासून काढावा तर कोरलेली वेल पुसली जाणार. मिस्त्री आधी भडकले, आणि नवरी रडायला लागली तसे हसत सुटले. म्हणाले, राहू दे, ही पट्टी आता तुझी, विकायची नाही. पट्टीचं पुढे काय झालं ते अक्कांनी तेव्हा सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लिंबं पानावर ठेवली आणि आरती झाली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात जळगावकडचे एक फौजदार दुकानात आले. असे ते अधूनमधून येत. पकडलेल्या बंदुका कोणत्या बनावटीच्या, चालू आहेत की बंद, याबद्दल अक्कांचा अभिप्राय घ्यायची त्या भागात पद्धतच पडली होती. सरकारी माणसाशी अक्का आपली अहिराणी सोडून सावकाश, शाळेतल्यासारखं मराठी बोलत. मी सुटी असल्यामुळे खालीच होते, गहू निवडत.

फौजदारांनी हकिकत सांगितली. रावेरच्या बाजूला एका गावात पाटलांच्या घरावर दरोडा पडला होता. दरोडेखोरांनी पाटलांची ठासणीची बंदूक नेली आणि जाताना त्यांच्या सालदाराला तिच्याच गोळीने मारलं. पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी एका भिल्लाच्या झोपडीत, छपरात खुपसलेली बंदूक सापडली. पाटलांनी ती पाहिली आणि आपलीच म्हणून ओळखली. तो भिल्ल आता तुरुंगात होता. त्याचं नाव दित्या.

"खुनाचा मामला आहे, अक्का," फौजदार म्हणाले. "बंदूक पाटलांची ठरली की पोराला फास आहे. म्हणून म्हटलं, तुमच्याकडून पक्कं करून घ्यावं."

शिपायाने गोणपाट सोडलं. पोत्यावर जी वस्तू आली ती पाहून मला वाटलं, बंदूक पावसात भिजून वाकली असावी. दस्ता एका अंगाला बैलाच्या शिंगासारखा वळलेला होता. नळी लांब, चांगल्या घडणीची, तिच्यावर विलायती अक्षरं आणि खाली कोरलेलं पळतं हरीण. घोडा भलत्याच जातीचा, नळीच्या मानाने बोजड. लाकूड इथलंच, शिसवी. म्हणजे तीन ठिकाणचे तीन तुकडे एकत्र आणलेले. फौजदारांनी हरणावर बोट ठेवलं. पाटलांनी या हरणावरूनच ओळख पटवली होती.

अक्कांनी दस्त्यावरून हात फिरवला, नेहमीसारखा, आणि हात मध्येच थांबला. मी उठून जवळ गेले. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर फुलांची वेल होती आणि वेलीवर काळसर, अर्ध्या चंद्राचा डाग.

अक्का पाणी प्यायला आत गेल्या. त्या इतक्या वेळ आत राहिल्या की फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा पुसलेला होता. "नळी हरणाची आहे," त्या म्हणाल्या. "तशा नळ्या एके काळी खानदेशात पुष्कळ आल्या होत्या. बंदूक तीन ठिकाणच्या तुकड्यांची आहे. एवढंच लिहा."

फौजदारांनी तेवढंच लिहून घेतलं. ते गेल्यावर अक्का पायरीवर बसल्या, आणि मी न विचारताच सांगू लागल्या.

मिस्त्री तरुणपणी साहेबलोकांच्या शिकारीबरोबर सातपुड्यात जात, बंदुका नीट ठेवायला. तिथे एकदा अस्वल अंगावर आलं. मिस्त्रींच्या हातात तेव्हा तेलाचं फडकं होतं. मध्ये पडला तो नानसिंग, त्या वस्तीचा जागल्या, म्हणजे रात्रीचा राखणदार. त्याच्याजवळ कुऱ्हाड होती. मिस्त्रींना खरचटलंसुद्धा नाही. नानसिंगचा उजवा डोळा गेला आणि डावा खांदा असा फाटला की पुढे त्यावर घागर टेकवता येत नव्हती.

मिस्त्री घरी आले आणि कितीतरी दिवस नीट जेवले नाहीत. मग त्यांनी बंदूक करायला घेतली. नानसिंगला रानडुकरांपासून शेतं राखायची होती. पण उजव्या डोळ्याशिवाय उजव्या खांद्यावरून नेम कसा धरणार, आणि डाव्या खांद्याला तर धक्का सोसणार नाही. तेव्हा दस्ताच वाकवायचा. बंदूक टेकेल उजव्या खांद्याला आणि नळी येईल डाव्या डोळ्यासमोर. दुकानात जे होतं त्यातून त्यांनी ती जमवली. कुठलीशी मोडीत निघालेली हरणाची नळी. एका जुन्या पलटणी बंदुकीचा घोडा. आणि अक्कांची चंद्राची पट्टी, अक्कांनीच आणून दिलेली. दस्ता अक्कांनी घासला. नानसिंग दोनदा येऊन माप देऊन गेला. अंगरख्याचं द्यावं तसं.

"लायसन?" मी विचारलं.

"काढसूत, काढसूत करता दोन्ही गयात."

नानसिंगला सरकारात अर्ज करायची भीती वाटायची. मिस्त्री म्हणायचे, पुढच्या खेपेला मी बरोबर येतो. मग मिस्त्री वारले, मागून नानसिंगही. बंदूक राहिली नानसिंगच्या पोराकडे. दित्याकडे.

मी मास्तरीण, मला उत्तर सोपं वाटलं. म्हटलं, "अक्का, मग हे सांगून टाका ना."

त्यांनी मान वर केली. "सांगी टाकू? आनी ती?"

त्या पाटीकडे बघत होत्या. लायसनदार मिस्त्रीने बिनलायसनी बंदूक बनवून दिली, तीही एका जागल्याला. हे अक्कांनी सांगितलं की दुकान जाणार. दुकानाचं एक वेळ सोडा, पण मिस्त्रींचं नाव कचेरीत लिहिलं जाणार ते गुन्ह्यात. त्या माणसाने उभ्या जन्मात एक स्क्रू बेकायदा विकला नव्हता. एवढी एकच बंदूक त्याने चोरून केली, आणि तिच्यात पैशाची गोष्ट नव्हती. पण हे कागदावर कुठे येणार होतं. अक्का तोंड मिटून बसल्या असत्या तर कोणाला काही कळलं नसतं. त्यांनी खोटं असं काहीच सांगितलं नव्हतं. मला त्या दिवशी त्यांना दुसऱ्यांदा 'सांगा' म्हणायचा धीर झाला नाही.

पुढे महिनाभर अक्कांना पाटी पुसायला जास्त वेळ लागू लागला. गिऱ्हाइकांवरचं ओरडणं कमी झालं आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटायची. मग जळगावच्या सेशन कोर्टाचं समन्स आलं. साक्षीला बोलावलं होतं. अक्का म्हणाल्या, "तू चाल मनासंगे." चाळीसगावला गाडी बदलून आम्ही जळगावला गेलो. अक्कांच्या मांडीवर कापडी पिशवी होती, तिच्यात मिस्त्रींचा पेचकस होता. तो कशाला घेतला ते मी विचारलं नाही, पण तो पाहून मला जरा बरं वाटलं.

दित्याला मी कोर्टातच पहिल्यांदा पाहिलं. पंचविशीचा, बारीक, मोठ्या डोळ्यांचा. त्याला काही विचारलं की तो एकच सांगे, "साहेब, मना बापनी शे ती." तेवढ्यावर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. तोही तसा फार आशेवर दिसत नव्हता. समोर बाकावर पाटील बसले होते, वयस्कर, उपरणं सारखं करत. आपला सालदार मेल्याचं दुःख त्यांना खरंच होतं. त्यांच्याबद्दल मनात राग धरावा असं मला काही सापडलं नाही.

अक्कांनी शपथ घेतली. जज्जसाहेबांनी शांतपणे विचारलं, "बंदुकीत विशेष काही आढळतं का?" अक्का म्हणाल्या, दस्ता मुद्दाम वाकवलेला आहे, उजवा डोळा नसलेल्या माणसासाठी. पाटलांनी बंदूक खांद्याला लावून बघावी. पाटलांनी लावली. मान इकडे केली, तिकडे केली. उजव्या डोळ्यापुढे नळी येईना.

"असला दस्ता माझ्या बंदुकीला नव्हता," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पण साहेब, हरीण तेच आहे."

सरकारी वकील उठले. त्यांचं म्हणणं रास्त होतं. आरोपीचा बाप एकडोळ्या असेल, त्याचा जुना दस्ता घरात पडून असेल. दरोड्यानंतर पाटलांची नळी त्याच्यावर चढवली असेल. बंदूक तुकड्यांची आहे हे तर खुद्द साक्षीदारानेच लिहून दिलं आहे. जज्जसाहेबांनी मान हलवली आणि अक्कांकडे वळले. "ही नळी आणि हा दस्ता केव्हा जोडले, ते तुम्हाला सांगता येईल का?"

इथे अक्कांनी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते.

"सांगता येईल," अक्का म्हणाल्या. "माझ्या लग्नानंतर सात-आठ वर्षांनी. माझ्या घरात. माझ्यासमोर."

"कोणी जोडले?"

"माझ्या घरधन्याने."

"नाव?"

अक्कांनी सवयीने मान वर केली. वर पंखा होता, पाटी नव्हती. मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी नकळत अर्धी उठले, जिन्यातून वाकून वाचून दाखवावं तसं सांगायला. जज्जसाहेबांनी हाताने मला बसायची खूण केली. "साक्षीदाराने स्वतः सांगितलं पाहिजे." आवाजात कठोरपणा नव्हता. त्यांनाही रीत माहीत असणारच.

शिरस्तेदार टाक धरून थांबले होते. दित्या अक्कांकडे बघत होता.

"गणपत," अक्का म्हणाल्या. आणि थोडं थांबून, "गणपत लक्ष्मण मिस्त्री. लायसन नसताना केली. मला ठाऊक होतं."

कोर्टातल्या कोणाला त्यात काही वाटलं नसेल. मला मात्र रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग अक्का भराभर बोलल्या. "आता मी सांगते ते आधी लिहून घ्या, नंतर बंदूक खोला. नळी बारीक होती आणि दस्त्याची खाच रुंद झाली होती. मध्ये फट राहिली. ती भरायला मी माझ्या लग्नातल्या खणाचा तुकडा दिला. हिरवा, नारायणपेठी काठाचा. मेणात भिजवून नळीखाली बसवलाय. पट्टीवरचा डाग लिंबाचा आहे, तोही माझ्या हातचा."

परवानगी घेऊन त्यांनी पिशवीतून पेचकस काढला. आणि तिथेही आधी बंदुकीचं तोंड भिंतीकडे केलं, घोडा खाली आहे ना ते पाहिलं. पेच सुटायला वेळ लागला. नळी वर उचलली तेव्हा लाकडाला चिकटलेलं काहीतरी काळं दिसलं. अक्कांनी नखाने त्याची घडी उलगडली. आत, जिथे हवा लागली नव्हती तिथे, रंग हिरवा होता. नळीच्या पोटाची गंजकी रेघ त्या कापडावर जशीच्या तशी उमटली होती आणि कापडातून लाकडावरही. ते एका वर्षात होणारं काम नव्हतं.

तुकडा हातोहात फिरला. पाटलांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मग ते उभे राहिले. "हरीण सारखं होतं, साहेब," ते म्हणाले. "माझी ओळखण्यात चूक झाली."

दित्या खुनातून सुटला. बिनलायसनी बंदुकीबद्दल काही महिने आत राहून आला. पाटलांची खरी बंदूक पुढे सापडली की नाही ते मला कधी कळलं नाही.

अक्कांवर खटला झाला नाही, पण लायसनही पुन्हा मिळालं नाही. ज्या अधिकाऱ्याने ते सांगितलं त्यालाच बोलताना अवघड झालं होतं. अक्काच त्याला म्हणाल्या, "कायदा आहे, साहेब." दुकानातल्या बंदुका ज्याच्या त्याला परत गेल्या. काही दिवस अक्का रिकाम्या बसून होत्या. मग शेजारच्या शिंप्याचं शिवणयंत्र अडलं ते त्यांनी बघितलं, आणि तेव्हापासून शिवणयंत्रं येऊ लागली. पाटीवरची खालची ओळ रंगाऱ्याने बदलली. वरची ओळ तशीच राहिली. यंत्र घेऊन येणाऱ्या बायकांनी दुकान कोणाचं असं विचारलं की अक्का पुन्हा म्हणायला लागल्या, "वर वाची ले." एकदा मी म्हटलं, आता तर कोर्टात नाव घेऊन झालं की. त्या म्हणाल्या, "तठे कामपुरतं व्हतं." दर दसऱ्याला दित्या सातपुड्यातून आपट्याच्या फांद्या घेऊन यायचा, पायरीवर बसायचा, आणि दोघं चहा प्यायची.

माझी बदली जळगावला झाली. लढाई चालू होती. एक दिवस अक्का अचानक माझ्या दारात उभ्या. मुद्देमालातल्या जुन्या बंदुका मोडून टाकायचा हुकूम निघाला होता, आणि त्या सुट्या करायला माहितगार माणूस म्हणून कचेरीने अक्कांनाच बोलावलं होतं. "त्यामा ती बी शे," एवढंच त्या म्हणाल्या.

मी शाळेतून रजा घेऊन बरोबर गेले. कचेरीच्या मागच्या अंगणात बंदुकांचा ढीग होता. अक्कांनी तो सगळा एकेक करत सोडवला आणि वाकड्या दस्त्याची बंदूक शेवटी घेतली. तिलाही तोंड भिंतीकडे करून ठेवली. नळी वेगळी केली, घोडा काढला, पट्टी काढली. पट्टीवरून अंगठा एकदा फिरवला आणि ती लोखंडाच्या ढिगात ठेवली. दस्ता जळणात गेला. खणाचा तुकडा हातात राहिला, तो त्यांनी कारकुनापुढे धरला.

कारकून म्हणाला, "कापड शस्त्रात येत नाही, अक्का. न्या तुम्ही."

त्यांनी तो पदराच्या गाठीत बांधला. घरी आल्यावर जेवल्या, लवकर झोपल्या.

सकाळी त्यांना गाडीत बसवायला स्टेशनवर गेले. बायकांच्या डब्यात खिडकीची जागा मिळाली. अक्कांनी गाठ सोडली, तो तुकडा नाकाशी नेला आणि मग खिडकीतून माझ्या हातात दिला. मीही वास घेतला. मेण, जवसाचं तेल, जुनं लोखंड.

"अजून वास शे," अक्का म्हणाल्या.

मला वाटलं आता यांना थोडं हसवावं. जुन्याच खोडीने मी विचारलं, "कोणाचा हो, अक्का?" आणि बोट वर होईल म्हणून वाट पाहिली.

गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालू लागले, तुकडा परत द्यायला हात पुढे केला. अक्कांनी तो माझ्या बोटांसकट धरला.

"गणपतना," त्या म्हणाल्या. "मना गणपतना."

मग त्यांनी तुकडा घेऊन माझी बोटं सोडली, आणि मी फलाटाच्या टोकाशी थांबले.